नंबर

आमच्या गावात इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाच्या तोंडीही दिवसातून दहा-वीस वेळा येणारा एक इंग्रजी शब्द आहे. शिकलेली माणसं त्याला 'नंबर' म्हणतात, जुनी माणसं 'लंबर' म्हणतात. हा शब्द कुणी कुणाला शिकवला नाही. तो जमिनीच्या मोजणीबरोबर आला, शाळेबरोबर आला, रेशनच्या दुकानाबरोबर आला आणि आता मोबाईलबरोबर खिशातच येऊन बसला आहे.

सकाळी पारावर अर्धा तास बसलं तरी तो किती अंगांनी भेटतो पाहा. "पोराचा कितवा नंबर आला?" "डॉक्टर म्हणला, डोळ्याला नंबर लागलाय." "तुझा नंबर सांग, मिस कॉल देतो." "त्यो नंबर वादातला हाय, घिऊ नकोस." हे जमिनीबद्दल. "आमटी एक नंबर झाली व्हती." "त्याचा सगळा धंदा दोन नंबरचा." "उसाचा नंबर लागला का न्हाय अजून?" आणि कुणाच्या मातीला जाऊन आलेला म्हातारा पायावर पाणी घेता घेता म्हणतो, "चला, आता आपला लंबर."

हुशारी, अधू नजर, ओळख, जमीन, कौतुक, चोरी, वाट बघणं आणि मरण. एवढं सगळं एका शब्दात बसवलेलं आहे आणि बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही. बोलण्यात होत नाही, पण वागण्यात होतो असं मला वाटत आलं आहे. म्हणून या शब्दाचे पदर जरा सोडवून बघावेत.

मला त्यात तीन मोठे पदर दिसतात. पहिला, नंबर म्हणजे नाव. दुसरा, नंबर म्हणजे मोल. आणि तिसरा, नंबर म्हणजे पाळी.

नावाचं आधी सांगतो. आमचा तालुका इंदापूर. इंग्रजांच्या काळात, 1835च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली आणि पुढं मुंबई इलाख्यात जी पसरली, तिची सुरुवात आमच्या या तालुक्यात झाली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन माणसं रानोमाळ फिरली. साखळी उभी एक, आडवी एक म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजून झालेल्या प्रत्येक तुकड्याला नंबर पडला. पुढं 1947च्या कायद्यानं तुकडे जोडून गट पाडले, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आपण ज्याला सातबारा म्हणतो तेही मुळात नाव नव्हेच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, अशा दोन कागदांचे ते नंबर. शेतकऱ्याचा जीव ज्या कागदात अडकलेला असतो त्याला स्वतःचं नाव नाही, नुसते आकडे आहेत.

त्याच्या आधी रानांना नावं होती. अजूनही आहेत. चिंचेचं, म्हसोबाचं, पाणंदीकडचं, बारव्याचं. आमच्या म्हसोबाच्या रानात आज म्हसोबाही नाही, पण नाव टिकून आहे. नावात आठवण असते, माया असते. पण नावात एक खोट असते. ते गावातल्या जोरावर चालतं. ज्याचा आवाज मोठा, त्याचं नाव मोठं.

माझी थोरली आत्या तिशीच्या आत विधवा झाली. दीर-भावजया तोंडानं सांगायचे, "तुझं हितं काय न्हाय, दोन लुगडी घे आन् माह्यारी जा." भावकी त्यांच्या बाजूची. आजोबा गप तलाठ्याकडं गेले आणि उतारा काढून आणला. नवऱ्याच्या मागं वारस म्हणून आत्याचं नाव एका नंबरावर लागलेलं होतं. कधी लागलं, कुणी लावलं, घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. एक एकर सात गुंठे. भांडण दोन वर्षं चाललं, पण त्या नंबरानं आत्याला धरून ठेवलं. गावानं तिची बाजू घेतली नाही, नंबरानं घेतली. नंबराला भावकी नसते, हा त्याचा मोठा गुण.

आणि दोषही तोच. नंबराला माणूसही नसतो. देशातलं पहिलं आधारकार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं. बारा आकडी नंबर. पुढं काही वर्षांनी आमच्या गोठ्यातल्या गायीच्या कानातही पिवळा बिल्ला आला. मोजून पाहिला, तोही बारा आकडी. आजी म्हणाली, "बरं झालं, दोघी एका मापात आलो." आम्ही हसलो. पण रेशनच्या दुकानात मशीनवर तिचा अंगठा उमटेना तेव्हा हसू आलं नाही. जन्मभर शेण, माती, खुरपं आणि जात्याचा खुंटा, बोटावरच्या रेषा राहतील कशा? दुकानदार तिला मावशी म्हणायचा, लहानपणी तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. तो म्हणाला, "मावशी, मी वळकतो, पर मशीन वळकत न्हाय." चार खेटे झाले तेव्हा धान्य मिळालं. ओळख होती, नंबर होता, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. आत्याला ज्यानं तारलं त्यानंच आजीला दारात उभं केलं. म्हणून नंबराला शत्रू म्हणू नये आणि देवही म्हणू नये. कुणी कुणासाठी तो वापरला, हे बघावं.

दुसरा पदर मोलाचा. शाळेतला पहिला नंबर. त्यात मौज अशी की शाळेत माणूस एकाच्या जवळ जाऊ बघतो आणि चष्म्यात शून्याच्या. वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो, तोही आकडाच. शाळेत दोन नंबर आला तर पेढे वाटतात आणि धंदा दोन नंबरचा असला तर दार लावून घेतात. एक वही दाखवायची आणि एक लपवायची, लपवायच्या वहीतला पैसा तो दोन नंबरचा. फसवणाऱ्याला तर आपण थेट कलमाच्या नंबरानंच हाक मारत आलो, चारसोबीस. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, फसवणुकीचं कलम आता 318 झालं, पण गावातला चारसोबीस अजून चारसोबीसच आहे. लोकांच्या तोंडातला नंबर सरकारला बदलता येत नाही.

मोलाच्या नंबराबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की त्याच्यासाठी कुणीतरी शेवटचा असावाच लागतो. वर्गात सगळीच पोरं हुशार निघाली तरी चाळिसावा नंबर कुणाला तरी पडतोच. त्या पोराचं काही चुकलेलं नसतं. पण आपण त्या आकड्याला त्याचं मोल समजतो आणि त्या मोलालाच पुढं त्याचं नाव करतो. इथं तीन पदरांचा गुंता सुरू होतो. पहिल्या नंबराच्या माणसाला वाटतं, दवाखान्यातही आपला नंबर पहिला असावा. मोल मोठं म्हणून पाळी आधी. गावात निम्मा अन्याय याच गुंत्यातून होतो.

आता पाळी. खरी गोष्ट इथंच आहे.

नंबर यायच्या आधी आपल्याकडं पाळी होती. गुरं राखायची पाळी, जात्यावरची पाळी, पाण्याची पाळी. सावडीनं कामं चालायची. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. पाळी गोल फिरते. आज गेली तरी परत येणार असते, त्यामुळं माणूस ती सहज दुसऱ्याला देतो. नंबर सरळ रेषेत असतो. चुकला की गेला. म्हणून पाळीवरून माणसं रुसतात आणि नंबरावरून डोकी फोडतात.

कालव्याच्या पाण्यात दोन्ही शब्द एकत्र नांदतात. नीरा डावा कालवा आमच्याकडं येतो तो शेवटाला. पाण्यासाठी अर्ज करायचा तो नमुना नंबर सात, आणि पाणी मिळायचं ते शेजपाळीनं. शेजपाळीचा नियम असा, की भिजवण शेपटाकडून सुरू करायची आणि तोंडाकडं जायचं. ज्याचं रान कालव्याच्या तोंडाशी आहे त्याला पाणी कधीही दिसतंच, शेवटच्याला ते सगळ्यांच्या मनावर मिळतं, म्हणून आधी शेवटच्याला. ज्यानं हा नियम काढला त्याला नंबराचं मर्म कळलं होतं. नंबर कितवा हे नंतर. नंबर कुठून मोजायचा हे आधी. आता रात्री वरची माणसं दारं उचलायची आणि नियम कागदावर राहायचा, ही गोष्ट वेगळी. पण नियम खरा होता म्हणून तर ती चोरी आहे हे आम्हाला म्हणता येत होतं.

उन्हाळ्यात हातपंपावर घागरींची रांग लागे. पहाटे तीनला एकजण जाऊन सगळ्या आळीच्या घागरी मांडून यायचा. घागर नसली तर फुटकी बादली, तीही नसली तर दगड. दगड म्हणजे अमकीचा नंबर, आणि तो सगळा गाव मानायचा. माणसापेक्षा दगडाचा नंबर जास्त पाळला जाई, कारण दगड भांडत नाही.

एकदा अशा रांगेत एक ओली बाळंतीण घागर घेऊन आली. घरी दुसरं माणूस नव्हतं. पुढून चौथ्या असलेल्या बाईनं तिला हाक मारली, "ये ग, माझ्या म्होरं लाव." मागच्या बायका कुरकुरल्या. पुढचीला राग आला, "माझा लंबर हाय, मी कुणालाबी दीन." तेव्हा आजी मागून म्हणाली, "दे की बाई. पर तुझाच दे. तिला तुझ्या जाग्यावर हुबी कर आन् तू शेवटाला जा. म्होरं घेतलीस तर तुझा लंबर तुझ्यापाशीच ऱ्हातो आन् आमच्या सगळ्यांचा जातो."

पंप गप झाला. मग त्या बाईनं आपली घागर उचलली आणि खरंच शेवटाला नेऊन ठेवली. आणि गंमत अशी की ती जाताना मधल्या दोघी-तिघींनी तिला आपल्या पुढं जागा देऊ केली. तिनं घेतली नाही.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. दान म्हणजे काय, यावर पुढं कीर्तनातून पुष्कळ ऐकलं, पण आजीचा हा निवाडा मला कुठल्याच व्याख्यानात सापडला नाही. आपल्या हातून चांगलं झालं की आपण खूश होतो, त्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडला हे बघत नाही. ओळखीच्या माणसाला आधी आत सोडणारा कारकून स्वतःला परोपकारी समजतो. तो देतो ते रांगेतल्यांचं असतं, आणि आभार मात्र त्याला मिळतात.

मग नंबर कधी मोडूच नये का? तसं नाही. आमच्याच रानात माझ्या धाकट्या चुलत्याला नाग डसला तेव्हा बैलगाडीतून, मग ट्रकमधून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरला मोठी रांग होती. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, रांग आपोआप बाजूला झाली. एका माणसानं स्वतःचा फुटलेला हात सांभाळत दार उघडून धरलं. तिथंही सगळ्यांचा नंबर मागं गेला, पण तो सगळ्यांनी मिळून दिला होता. पंपावरच्या बाईनं सगळ्यांचा परस्पर दिला होता. दोन्हीकडं नंबर मोडलाच, पण एकीकडं ते देणं आहे आणि दुसरीकडं घेणं. ज्याचा खोळंबा होणार आहे त्यानं हूं म्हटलं का, एवढंच बघायचं.

इथवर सोपं आहे. अवघड झालं ते उसाच्या वेळी.

उसाची नोंद लागणीच्या तारखेनं होते आणि तोडही त्याच क्रमानं यावी असा नियम. त्या वर्षी पाणी कमी होतं, ऊस उभा वाळत होता. तोड लांबली की वजन घटतं, दिवसागणिक पैसा उडून जातो. त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलेलं. कारखान्याचा चिटबॉय आमच्या नात्यातला. एका संध्याकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि हळूच म्हणाला, "मामा, येत्या आठवड्यात तुमचा नंबर घेतो. टोळी हिकडं वळीवतो."

वडिलांनी विचारलं, "कुणाच्या आधी?"

"कुणाच्या न्हाय वो. मधी कुठंतरी बसवतो."

"मधी म्हंजे कुणाच्या तरी आधीच की. नाव सांग."

त्याला नाव सांगता आलं नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही. वडील म्हणाले, "नाव सांगाया येत नसंल तर ऱ्हाऊ दे." तो गेला. आमचा ऊस मार्च संपता संपता गेला. पन्नास टनांची आशा होती, छत्तीस भरला. लग्न झालं, पण सावकाराच्या पैशानं झालं. ते फिटायला पाच वर्षं गेली.

आई त्या रात्री जे बोलली ते मला अजून पाठ आहे. "सगळे घेत्यात. तुम्ही एकट्यानं न्हाय घेतला म्हणून रांग सरळ झाली का? तुमच्या जागी दुसरा घुसला आसंल. ज्याच्यासाठी तुम्ही थांबला त्योबी मागंच ऱ्हायला, आन् आपुनबी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वाकड्या रांगेत सरळ उभं राहणारा माणूस रांग सरळ करत नाही, नुसता मागं पडतो. आणि तरीही वडिलांचा प्रश्न मला सोडत नाही. कुणाच्या आधी? पुढं जाताना आपण कुणाला मागं ढकलतो त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून आपल्याला जमतं. तोंड दिसलं तर पुष्कळांना जमणार नाही. वडिलांनी त्या न दिसणाऱ्या माणसाचं नाव विचारलं, एवढीच त्यांची थोरवी.

पण मग मी आजीचं माप त्यांना लावून बघतो. द्यायचा तर आपलाच द्यावा. त्या रात्री वडिलांनी जो सोडला तो नुसता त्यांचाच नंबर होता का? त्या नंबरात आई उभी होती, बहीण उभी होती. सावकाराच्या दारात पाच वर्षं आई गेली, वडील नव्हेत. बहिणीला सासरी पहिली दोन वर्षं बोलणी खावी लागली. त्यांचं हूं कुणी विचारलं होतं? पंपावरच्या बाईसारखंच, वडिलांनीही दुसऱ्यांचं दान परस्पर केलं होतं, फक्त ते घरातलं होतं म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

मी आज असं म्हणेन की वडिलांचं उत्तर बरोबर होतं, पण ते त्यांनी एकट्यानं द्यायला नको होतं. चिटबॉयला थांबवून चुलीपाशी जाऊन आईला विचारायला हवं होतं. आई काय म्हणाली असती? रागावली असती. पण कदाचित तिनंही तेच विचारलं असतं, कुणाच्या आधी म्हणून. तीही रोज पंपावर घागर लावणारी बाई होती. आणि तिनं "घ्या" म्हटलं असतं तर? तर वडिलांना कठीण गेलं असतं. सचोटीत घरच्यांना वाटेकरी करून घ्यायचं तर त्यांच्या नकारालाही जागा ठेवावी लागते. ती जागा आमच्या घरांत पुरुष ठेवत नव्हते. बाकी सगळ्या रांगा सरळ करायच्या गोष्टी होतात, ही घरातली रांग कुणी मोजत नाही.

राहिला शेवटचा नंबर. त्या धाकट्या चुलत्याला दवाखान्यातल्या रांगेनं वाट दिली, डॉक्टरनं लस टोचली, पण उशीर झाला होता. तो तिसऱ्या दिवशी गेला. एकोणतीस वर्षांचा होता. आजी त्यानंतर वीस वर्षं जगली. तिला कुणी म्हटलं, "आजी, अजून शंभरी काढशील," की ती म्हणायची, "मला कशाला? माझा लंबर कवाच येऊन गेलाय. माझ्या म्होरं पोरगं मधीच घुसलं."

सगळ्या गावाला रांग शिकवणाऱ्या बाईचं हे बोलणं. इथं तिचं माप चालत नव्हतं. आपला नंबर पोराला देऊन शेवटाला जायची मुभा नव्हती, आणि पोराच्या जागी आपण उभं राहायचीही नव्हती. ज्या रांगेत तिनं सगळ्यात आनंदानं अदलाबदल केली असती, ती एकच रांग अशी की तिथं कुणी कुणाचं ऐकत नाही.

म्हणून मला वाटतं, जिथं ऐकलं जातं तिथं तरी विचारावं. दवाखान्यात, रेशनला, पाण्याला, उसाला, आणि घरात चुलीपाशीही. कुणी "या, तुम्हाला पुढं घेतो" म्हणालं तर कुणाच्या आधी म्हणून, आणि आपणच मोठ्या मनानं मागं राहायला निघालो तर आपल्याबरोबर आणखी कोण मागं राहतंय म्हणून. दोन्ही प्रश्नांना नाव घेऊन उत्तर देता आलं तर तो नंबर आपला.